हंस-दमयंतीची हाताने रंगवलेली प्रत घ्यायची आहे: सात हजारांची की अठ्ठेचाळीस हजारांची?

प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. बेळगावच्या हिंडलग्याजवळ त्यांचा नवा बंगला बांधून होत आलाय. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत, म्हणजे हातात जेमतेम सात आठवडे. हॉलमध्ये सोफ्यामागची भिंत बारा फुटांची. तिथं राजा रवि वर्मांची हंस-दमयंती ऑइलमध्ये हाताने रंगवून लावायची आहे, पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच. एका ऑनलाइन दुकानाने ‘शंभर टक्के हँडपेंटेड’ म्हणून सात हजार सांगितले, कोल्हापूरच्या एका चित्रकाराने अठ्ठेचाळीस हजार. एवढा फरक का? आपल्याकडच्या पावसात ते टिकेल का? घरच्यांना ती हातात दिवा घेतलेली बाई जास्त आवडते, तीही रवि वर्मांचीच ना? आणि शेवटी हळूच विचारलंय, की कॉपी लावणं कमीपणाचं तर नाही ना.

मी बेळगावच्या शहापुरात राहते. शिक्षण कोल्हापुरात झालं आणि गेली सव्वीस वर्षं पोर्ट्रेट आणि जुन्या तैलचित्रांच्या प्रती करणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे या प्रश्नावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. पण तुमचं काम मला मिळावं म्हणून लिहीत नाहीये. कोल्हापूरच्या चित्रकाराशी तुमचं बोलणं झालंय, ते त्यांच्याकडेच राहू दे.

तुम्ही किमतीपासून सुरुवात केलीत. मी भिंतीपासून करते, कारण खरी अडचण तिथं आहे. हंस-दमयंती हे उभं चित्र आहे. दमयंती उभी, समोर कठड्यावर हंस, आणि तो नलाबद्दल सांगतोय ते ती ऐकतेय. सगळी रचनाच वरून खाली उतरणारी आहे. पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच म्हणजे आडवा कॅनव्हास. त्यात हे चित्र बसवायचं तर दोनच मार्ग उरतात. एक तर दमयंती कमरेपासून कापायची, नाहीतर दोन्ही बाजूंना मुळात नसलेली झाडं-खांब वाढवायचे. ऑनलाइन दुकानदार यातलं काहीही करून देईल, कारण तुम्ही दिलेल्या मापाला त्याने फक्त ‘हो’ म्हणायचं असतं. कोल्हापूरच्या चित्रकाराने माप ऐकून तुम्हाला काही विचारलं का? विचारलं असेल तर माणूस कामाचा आहे. विचारलं नसेल तर अठ्ठेचाळीस हजारांबद्दलही पुन्हा विचार करा.

बारा फुटांच्या आडव्या भिंतीला आडवं चित्र लागतं. उभं चित्र शोभतं ते दोन दारांच्या मधल्या पट्टीवर, जिन्याच्या वळणावर, नाहीतर आत शिरल्या शिरल्या समोर येणाऱ्या अरुंद भिंतीवर. हंस-दमयंतीच हवी असेल तर तिला अशी जागा द्या आणि सोफ्यामागे दुसरं काहीतरी लावा. रवि वर्मांचंच आडवं हवं असेल तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं वादक स्त्रियांचं चित्र आहे, वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशातल्या अकरा जणी एकत्र जमलेल्या. मात्र अकरा चेहरे म्हणजे अकरा पोर्ट्रेट, आणि खर्च त्याच हिशेबाने वाढतो. पाहायला एकदा म्हैसूरला जाऊनच या. बेळगावातून जाणं काही अवघड नाही, आणि मूळ चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की प्रतीकडून काय अपेक्षा ठेवायची हे आपोआप कळतं.

इथं थोडं विषयांतर करते. जुनं चित्र म्हटलं की आपल्याकडे रवि वर्मा नाहीतर मोनालिसा, याच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही. अथणीकडच्या एका शेतकरी कुटुंबाने माझ्याकडे असंच ‘एखादं मोठं, फॉरेनचं’ चित्र मागितलं होतं. मी त्यांना मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ सालचं चित्र दाखवलं. कापणी झालेल्या रानात तीन बायका वाकून पडलेली कणसं वेचतायत. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, साधारण पावणेतीन फूट उंच आणि साडेतीन फुटांहून थोडं जास्त रुंद. मी फ्रान्स, मिले, वास्तववाद असं काहीबाही सांगायला लागले तेवढ्यात घरातल्या आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘सरवा येचाय लागल्यात की वो!’ त्यापुढे मला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. ते चित्र आज त्यांच्या सोप्यात आहे. चित्र निवडताना नाव किती मोठं आहे यापेक्षा, घरातल्या माणसांना त्यात आपलं काही दिसतंय का हे बघा. रोज तेच समोर असणार आहे.

आता किमतीकडे येऊ. आधी नीट समजून घ्या की ‘हँडपेंटेड’ या शब्दाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे कॅनव्हासवर काढलेला प्रिंट, ज्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. हात लावला की खरखरीत लागतं आणि माणूस फसतो. दुसरी खरोखरच हाताने रंगवलेली असते, पण ठरावीक साच्यात. चीनमध्ये शेन्झेन शहराजवळ दाफेन नावाची वस्ती आहे, ती अशा कामासाठी जगभर प्रसिद्ध झाली. तिथं एकच चित्र रांगेने दहा कॅनव्हासवर चालतं. एक जण सगळी आभाळं करतो, दुसरा झाडं, तिसरा चेहरे. ते हातही कसबी असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण ते चित्र कुणी एका माणसाने पाहिलेलं नसतं. तिसरी वस्तू म्हणजे एका चित्रकाराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली प्रत.

ओळखायचं कसं? चित्र खिडकीपाशी न्या आणि उजेड एका बाजूने तिरपा पडेल असं धरा. खऱ्या कामात ब्रशचा प्रत्येक उंचवटा आकाराबरोबर वळतो. गालावर गालाच्या गोलाईने, निरीवर निरीच्या रेषेने. जेल मारलेल्या प्रिंटवर फटकारे एकीकडे धावतात आणि चित्र दुसरीकडे. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन मोठं करून बघा, प्रिंटमध्ये बारीक रंगीत ठिपके दिसतात. पाठीमागून, जिथं कॅनव्हास लाकडावर दुमडलाय त्या कडा बघा. माणसाने रंगवलेल्या कॅनव्हासच्या कडेला रंग ओघळलेला, पुसलेला, बोटांचे ठसे उमटलेला असतो. आणि वास घ्या. ऑइलचं ताजं चित्र महिना-दोन महिने तरी जवसाच्या तेलाचा वास देतं. ऑनलाइन मागवत असाल तर हे काहीच करता येत नाही, म्हणून तिथं काम चालू असतानाचे फोटो मागा. ड्रॉइंगचा, अर्ध्या कामाचा, आणि दोन्ही एकाच कॅनव्हासचे. टाळाटाळ झाली तर काय ते समजून जा.

अठ्ठेचाळीस हजारांचा हिशेब मी माझ्या पद्धतीने मांडून दाखवते. अडीच फूट बाय पावणेचार फुटांची हंस-दमयंती मला करायची असेल तर प्रत्यक्ष ब्रश हातात घेतल्याचे चाळीस दिवस लागतात. चांगला कॅनव्हास, सागवानी आतली चौकट, आर्टिस्ट दर्जाचे रंग, तेल आणि व्हार्निश धरून सात-आठ हजार सहज जातात. म्हणजे राहिले चाळीस हजार, दिवसाला हजार रुपये. तुमच्या बंगल्यावर प्लास्टर करणाऱ्या चांगल्या गवंड्याची रोजंदारी याच्या आसपासच असेल. तेव्हा अठ्ठेचाळीस हजार हा कलेचा भाव नाही, तो मजुरीचा हिशेब आहे. सात हजारांत सामानच कसंबसं येतं. चाळीस दिवस त्यात बसत नाहीत, म्हणजे ते कुणीतरी दिलेलेच नाहीत.

चाळीस दिवस करता काय, असं लोक विचारतात. पहिले चार-पाच दिवस नुसतं ड्रॉइंग. मी चौकटी पाडून घेते. माझे सर प्रोजेक्टर वापरू देत नसत, आणि ती सवय मी सोडलेली नाही. मग तपकिरी-करड्या टोनमध्ये पूर्ण अंडरपेंटिंग, उजेड-सावली सगळी तिथंच सोडवायची. ते वाळलं की रंगाचे थर. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. हा क्रम उलटा झाला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि चित्राला भेगा पडतात. प्रत्येक थरानंतर थांबावं लागतं. सिएना, अंबर असे मातीचे रंग दोन-तीन दिवसांत हाताला कोरडे लागतात, पण किरमिजी आणि आयव्हरी ब्लॅक आठवडा घेतात. आपल्याकडे जुलैमध्ये त्याहूनही जास्त.

एकच तुकडा जवळून दाखवते, म्हणजे वेळ कुठं जातो ते कळेल. रवि वर्मांच्या साड्यांची जर. पुष्कळ स्वस्त प्रतींत तिथं बाटलीतला सोनेरी रंग फासलेला असतो. तो एका कोनातून चमकतो आणि दुसऱ्या कोनातून काळपट डाग दिसतो. खरं म्हणजे जरीचा काठ रंगवायला सोनेरी रंग लागतच नाही. मी आधी काठाची पूर्ण पट्टी रॉ अंबरने, म्हणजे कोरड्या शेणाच्या रंगाने भरते. ती वाळली की जिथं काठावर उजेड पडतो तिथं यलो ओकर, म्हणजे मातकट पिवळा. मग सर्वांत बारीक ब्रशने फिकट पिवळ्यात पांढरा मिसळून ठिपके, पण फक्त जिथं निरी वळून उजेडाकडे तोंड करते तिथं. घडीच्या आत एकही ठिपका जाता कामा नये. दोन हातांवरून पाहिलं की लखलखीत सोनं, आणि नाक लावून पाहिलं की माती. वडगावचे एक विणकर काका एकदा माझ्याकडे आले होते, जन्मभर मागावर बसलेले. अर्ध्या झालेल्या काठाकडे बराच वेळ बघून म्हणाले, ‘ताई, हितं पदर मुडपलाय, तर आतला धागा उलटा दिसाय पाहिजे.’ मी मूळ चित्राचा मोठा फोटो उघडला. रवि वर्मांनी तो उलटाच दाखवला होता. मी सहा दिवस त्याच काठाकडे बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. तेवढा भाग मी खरवडून पुन्हा केला.

म्हणूनच प्रत म्हणजे कमीपणा, हे मला मान्य नाही. रवि वर्मा स्वतः तैलरंग शिकले ते मुख्यतः बघून. थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रावणकोरच्या दरबारात आला तेव्हा त्याचं काम बघायला मिळालं, ती त्यांची मोठी शिदोरी होती. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्याआधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं राबून केलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, आणि ग्रिफिथ्सच्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. तरी त्या कामातून इथले विद्यार्थी रेषा शिकले. आपल्या बेळगावातही चित्रकार रवी परांजपे यांच्यासारखे विद्यार्थी घडवणारे के. बी. कुलकर्णी होऊन गेले. या भागाला चित्र बघायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. कमीपणा असतो तो प्रत मूळ म्हणून खपवण्यात. पॅरिसच्या लुव्रमध्ये १७९३ पासून चित्रकारांना प्रती करू देतात, पण माप मुळापेक्षा वेगळं हवं आणि मूळ चित्रकाराची सही करायची नाही. मीही तोच नियम पाळते. पुढे सही नाही. पाठीमागे ‘राजा रवि वर्मा यांच्या चित्रावरून’, माझं नाव आणि साल. तुमच्या चित्रकाराकडूनही हे लिहून घ्या. पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांना घोळ नको.

आता दिवा घेतलेली बाई. ती रवि वर्मांची नाही. ती सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची, सावंतवाडीत जन्मलेले हळदणकर. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यासाठी समोर उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. ती पुढे कोल्हापूरला असायची, म्हणजे चित्रातली ती बाई आपल्या शेजारचीच म्हणा ना. रवि वर्मांचं नाव घालून हे चित्र इतकं छापलं गेलंय की तुमची चूक मुळीच नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ते तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे. बोटांच्या फटींतून येणारा तो उजेड म्हणजे खालच्या कागदाचा पांढरेपणा, पातळ रंगातून झिरपणारा. ऑइलमध्ये तो तसाच येत नाही. पारदर्शक थरांवर थर देऊन त्याच्या जवळ जाता येतं, पण ते दुसरंच काम होतं आणि सगळ्यांना जमत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रावर कॉपीराइट राहतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, तो प्रश्न केव्हाच मिटलाय. कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचीही चित्रं मोकळी आहेत. पण हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबायला हवं, नाहीतर हक्कदारांची रीतसर परवानगी हवी. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. त्यांच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मी-सरस्वतीही अजून या मुदतीतच आहेत. मी अशी कामं पैसे घेऊन करत नाही. घरच्यांना सांगा, थोडी वर्षंच राहिलीत.

पावसाबद्दल. इथं ‘बेळगावचा पाऊस’ असं सरसकट सांगून चालत नाही. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते, आणि अथणीला त्याच दिवशी छत्रीही लागत नाही. हिंडलगा ओल्याच बाजूला धरा. कॅनव्हास ओलाव्यात सैल पडतो, उन्हाळ्यात ताणला जातो, आणि रंगाचा थर त्याच्याबरोबर ओढला जातो. म्हणून आतली चौकट नीट वाळलेल्या लाकडाची हवी आणि तिच्या कोपऱ्यांत पाचरी हव्यात, म्हणजे झोळ पडला तर हलक्या हाताने ठोकून पुन्हा ताणता येतो. नुसते खिळे मारून पक्की केलेली चौकट घेऊ नका.

बुरशी बहुतेक वेळा पुढून नाही, पाठीमागून येते. चित्र भिंतीला चिकटून असलं की मागे हवा खेळत नाही. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा, तेवढ्याने निम्मं काम होतं. फ्रेमवाले मागे खाकी कागद चिकटवून देतात, तो आपल्याकडे नको. ओल धरतो आणि कसरीला आमंत्रण देतो. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची बाहेरची भिंत, जिच्यावर पावसाची झड बसते, तिथं तैलचित्र लावूच नका. सोफ्यामागची तुमची भिंत कुठल्या दिशेची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी बघा.

आणि तुमचं घर नवं आहे. नव्या प्लास्टरमध्ये पाणी असतं, वरून रंग दिला तरी आतून ते महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतं. त्या भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यात चित्र लावणं म्हणजे ओल्या टॉवेलवर टांगणं. पहिला पावसाळा जाऊ द्या, दसऱ्याला लावा. मधल्या काळात तिथं काहीच नसलं तर बिघडत नाही.

यावरूनच तारखेबद्दल सांगते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तारखेने होतं. माझ्या व्यवसायाची तिसरी-चौथी वर्षं असतील. खानापूरच्या बाजूच्या एका घराची वास्तुशांत मे महिन्यात होती, काम मिळालं मार्चअखेर. मी ‘हो’ म्हटलं. लवकर वाळावं म्हणून वाळवणारं द्रव्य प्रमाणाबाहेर घातलं, थर वाळायच्या आत पुढचा थर दिला आणि चकाकी हवी म्हणून द्यायच्या आदल्या दिवशी व्हार्निशही मारलं. समारंभात सगळ्यांनी कौतुक केलं. गणपतीत त्यांचा निरोप आला. जाऊन बघते तर सगळं चित्र चिकट झालेलं, धूळ, उदबत्तीची राख, एक चिलट, सगळं त्यात रुतलेलं, आणि दिवाळीपर्यंत हनुवटीखाली जाळीसारख्या भेगा. चूक पूर्ण माझी होती. मी ते परत आणलं, नवा कॅनव्हास घेतला आणि पुढच्या वर्षी दुसरं करून दिलं. ऑइल हे पाण्यासारखं उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, वरून कोरडं लागलं तरी आतलं काम सुरूच असतं. शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यायचं असतं. तेव्हापासून मी वास्तुशांत, लग्न, वाढदिवस यांच्या तारखा घेऊन काम स्वीकारत नाही. तुमचा चित्रकार सात आठवड्यांत व्हार्निशसकट देतो म्हणाला तर त्याला स्वतःहून सांगा, की घाई नाही.

चित्रकाराशी काय बोलायचं हे विचारलं नाहीत, तरी सांगते. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली एखादी प्रत ज्या घरात असेल तिथं जाऊन बघा. कालच संपवलेलं चित्र सगळ्यांचंच छान दिसतं. बघताना चेहऱ्याआधी हात बघा. बोटं कणकेच्या वळ्यांसारखी असतील तर पुढचं बघू नका. कुठला फोटो समोर ठेवून काम करणार हे विचारा. नेटवर एकाच हंस-दमयंतीची साडी कुठं केशरी दिसते, कुठं राणी, कुठं विटकरी. फोटो कुठल्या उजेडात काढला आणि किती वेळा खालीवर झाला यावर ते ठरतं. दोघांनी मिळून एक मोठा, स्पष्ट फोटो ठरवा आणि तो छापून दोघांकडे एकेक ठेवा. नंतरचे नव्वद टक्के वाद तिथंच मिटतात. पांढऱ्याबद्दलही विचारा. रवि वर्मांच्या काळी आजचा टायटॅनियम व्हाइट बाजारात आलेला नव्हता. तो जसाच्या तसा वापरला की हंस ट्यूबलाइटखाली बसल्यासारखा निळसर, थंड दिसतो. त्यात ओकरचा किंचित स्पर्श लागतो. हे ऐकून समोरच्याचे डोळे चमकले तर काम द्या. पैसे तीन टप्प्यांत द्या: ड्रॉइंग बघून, अंडरपेंटिंग बघून आणि चित्र हातात आल्यावर. अंडरपेंटिंग प्रत्यक्ष जाऊन बघा. चेहऱ्यात काही खटकत असेल तर सांगायची ती वेळ असते, नंतर नाही.

घरी आणल्यावर तैलचित्राला काच लावायची नाही. थेट ऊन नको आणि अगदी काळोखही नको. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, उजेडात आणलं की बरंचसं निवळतं. समईच्या, उदबत्तीच्या धुरापासून आणि फोडणीच्या वाफेपासून लांब. धूळ झटकायला कोरडा मऊ ब्रश पुरे. ओलं फडकं नको, आणि कृपा करून खोबरेल तेल नको. दिवाळीच्या साफसफाईत चित्राला चमक यावी म्हणून खोबरेल चोळलेली तीन चित्रं माझ्याकडे दुरुस्तीला आलीत. ते तेल कधी वाळत नाही, धूळ मात्र धरून ठेवतं.

तुम्ही ओघात लिहिलंय की निपाणीच्या जुन्या घरात आजोबांच्या वेळची लक्ष्मीची एक तसबीर आहे, ‘रवि वर्मांची, पण छापील, सडकी’, आणि घर विकताना ती टाकून देणार आहात. टाकू नका. रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो अशाच चित्रांसाठी. एकेका रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र काढून, एकावर एक छापून ती तयार व्हायची, आणि आपल्या भागातल्या देवघरांत पोचलेली लक्ष्मी ती हीच. भिंगातून बघा. रांगेतले यांत्रिक ठिपके न दिसता हाताने टाकल्यासारखे विस्कळीत ठिपके दिसले आणि खाली छापखान्याचं नाव असलं, तर ती जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे. काच उघडू नका, पुसू नका, कागद काचेला चिकटलेला असू शकतो. तशीच सपाट आडवी ठेवून, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळून आणा.

आणि आज रात्री एक करा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून अडीच फूट बाय पावणेचार फुटांचा उभा कागद तयार करा, आधी सोफ्यामागे लावा, मग दुसऱ्या दोन भिंतींवर. कागदाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर येऊ द्या. घरातल्या सगळ्यांना येता-जाता चार-चार दिवस बघू द्या, सोफ्यावर बसून आणि दारातून आत येताना. मग कुठली भिंत ठरली आणि ती कुठल्या दिशेची, ते इथंच कळवा. त्यानंतर मापाचं बोलू.